घरची नाली, गावाची नाली : खर्च कुणाचा?

 

आजचा विषय ताटावर बसून ऐकण्याचा नाही. ज्यांचं जेवण चालू असेल त्यांनी ते आधी उरकून घ्यावं. विषय आहे घराची मैल्याची लाइन. संडास आणि न्हाणीपासून निघून अंगणाखालून सेप्टिक टाकीकडे किंवा रस्त्यातल्या गटाराकडे जाणारी नळी. ती खचली, तिच्यात झाडाची मुळं शिरली, ती बदलायची वेळ आली, तर घरमालकानं किती खर्च धरायचा?

जामुलला आमच्या गल्लीत बहुतेक घरं चाळीस वर्षांपूर्वीची. मालक एक तर कारखान्यातून निवृत्त झालेले, नाही तर माझ्यासारखे फौजेतून. पेन्शन ठरलेली, आणि मालकाबरोबर नळीही म्हातारी झालेली. गेल्या दोन पावसाळ्यांत हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला की आपल्या इतिहासाच्या मालिकेत त्याला एक भाग द्यायचं ठरवलं. आकडा मी सांगणार आहे, माझ्याच घरचा, बाबवार. पण आकड्याच्या आधी एक प्रश्न येतो. हा खर्च मुळात कुणाचा? मालकाचा, नगरपालिकेचा, सरकारचा, की जो माणूस खाली उतरतो त्याचा? दीडशे वर्षांत याची वेगवेगळी उत्तरं दिली गेली, आणि त्यातल्या प्रत्येकाचा माग आजच्या बिलात सापडतो.

मोहेंजोदडोपासून सुरुवात करायची आपल्याकडे पद्धत आहे. तिथं घराची नाली रस्त्यातल्या विटांच्या झाकलेल्या नालीला जोडलेली होती हे खरं, आणि कौतुक वाटावं असंच. पण ती लिपी अजून वाचता आलेली नाही, त्यामुळे बिल कुणाच्या नावानं फाटत होतं ते कळायला मार्ग नाही. आपण सरळ इंग्रजांच्या काळात येऊ.

आणि तिथं सुरुवात होते फौजेपासून. १८५७ नंतर गोऱ्या पलटणी मोठ्या संख्येनं हिंदुस्थानात आल्या आणि माश्यांसारख्या मरू लागल्या. १८५९ साली लंडनमध्ये एक रॉयल कमिशन नेमलं गेलं, १८६३ साली त्याचा अहवाल आला. त्यातला आकडा आजही वाचताना थांबायला लावतो. गोऱ्या शिपायांमध्ये वर्षाला दर हजारी ६९ मृत्यू. लढाईत नव्हे. हगवण, कॉलरा, ताप. म्हणजे हजाराची पलटण घेतली तर दरवर्षी जवळजवळ एक प्लॅटून दोन वेळा पुरायची. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिंदुस्थानात कधीच आल्या नाहीत, पण प्रत्येक छावणीला प्रश्नावली पाठवून त्यांनी उत्तरं मागवली. पाणी कुठून येतं, संडास कुठे आहे, घाण पाणी कुठे जातं. उत्तरं वाचून असं दिसलं की बऱ्याच छावण्यांत या तिन्ही गोष्टी एकाच जमिनीत मुरत होत्या. बराकी, पाणी आणि नाल्या सुधारायला घेतल्या, आणि १८७३ साली नाइटिंगेल बाईंचा जो निबंध वाचला गेला त्यात मृत्यूचा आकडा ६९ वरून १८ वर आल्याची नोंद आहे.

मी पायदळात होतो. नव्या जागी कॅम्प लावायचा तर तंबूंच्या आधी संडासाचे खोल चर कुठे खणायचे हे ठरतं. वारा कुठल्या बाजूनं आहे, लंगर कुठे, पाण्याची जागा कुठे, हे बघून. कॅम्प उठवताना चर बुजवून त्यावर पाटी लावायची, म्हणजे पुढची तुकडी तिथं स्वयंपाकघर मांडणार नाही. ही शिस्त आम्हाला पाठ होती, पण तिच्या मागे ते दर हजारी ६९ आहेत हे मला नोकरीत कुणी सांगितलं नाही. मी ते निवृत्तीनंतर वाचलं.

छावणीत खर्च सरकारनं केला. का केला? दयेपोटी नाही. शिकवून, जहाजात बसवून आणलेला शिपाई महाग होता. छावणीची हद्द संपली की ही काळजीही संपायची. सदर बाजाराच्या पलीकडे जी वस्ती होती तिच्या नालीचं काय, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

तो मोठ्या प्रमाणावर मुंबईत उभा राहिला. १८६० साली विहार तलावाचं पाणी नळानं मुंबईत आलं. त्याआधी विहिरी आणि तळी होती. आता पाणी भरपूर आलं, पण वापरून झाल्यावर ते जाणार कुठे याची सोय पाण्याबरोबर आली नव्हती. घरात बादल्यांनी पाणी ओतलं जाऊ लागलं आणि ते जमिनीत मुरू लागलं. गाव ओलं झालं. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्या इकडच्या लहान गावांत आजही हाच क्रम आहे. आधी नळ येतो, सगळे खूश होतात, आणि दोन वर्षांनी गल्लीत पाणी का साचतं म्हणून पार्षदाकडे तक्रारी सुरू होतात. पाणी आणणं हे अर्धंच काम आहे.

मुंबईसाठी योजना बऱ्याच झाल्या. रॉयल इंजिनियर्सचे हेक्टर टलॉक मुंबई नगरपालिकेचे इंजिनियर होते. १८७२ साली त्यांचा मुंबईच्या ड्रेनेजवरचा मोठा अहवाल निघाला. फौजी माणूस होता, सरळ लिहायचा. भांडण मुख्यतः दोन गोष्टींवर होतं. मैला समुद्रात नेमका कुठे सोडायचा, आणि पैसे कोण देणार. शहर सपाट, भरतीच्या पाण्याच्या पातळीला लागून, त्यामुळे नुसत्या उतारावर मैला वाहत नव्हता, पंपानं उचलावा लागत होता. १८८० च्या दशकात वरळीला लव्हग्रोव्हचं पंपिंग स्टेशन उभं राहिलं. रस्त्याखालची मोठी गटारं विटांची, अंड्याच्या आकाराची, टोकदार बाजू खाली. हा आकार दिसायला गमतीचा वाटतो, पण हिशेब पक्का आहे. रात्री पाणी थोडं असलं तरी ते अरुंद तळातून वेगानं वाहतं आणि गाळ बसत नाही.

आता कायदा. १८८८ सालच्या मुंबई महापालिका कायद्यानं एक तत्त्व घालून दिलं, जे पुढे देशभर कमीअधिक फरकानं उतरलं. रस्त्यातलं गटार पालिकेचं. घरापासून गटारापर्यंतची नळी मालकाची. पालिकेचं गटार शंभर फुटांच्या आत असेल तर पालिका मालकाला नोटीस देऊन जोडणी करायला भाग पाडू शकते, मालकाच्या खर्चानं. शंभर फुटांपेक्षा लांब असेल तर मालकानं आपल्या जागेत खड्डा किंवा टाकी करायची, तीही स्वतःच्या खर्चानं. मंडळी, तुमच्या अंगणाखालच्या नळीचा खर्च तुमचा का, याचं उत्तर इथं आहे. तत्त्व विलायतेतलं आहे. गंमत म्हणजे खुद्द इंग्लंडनं ते आता बरंच सैल केलंय. १ ऑक्टोबर २०११ पासून तिथं सामाईक खासगी गटारं आणि कुंपणाबाहेरची घराची नळी पाणी कंपन्यांच्या ताब्यात गेली. अमेरिकेत मात्र बहुतेक ठिकाणी रस्त्यातल्या गटारापर्यंतची नळी मालकाचीच, आणि आपली मुलं-पुतणे तिथं घर घेतात तेव्हा ही नळी बदलण्याचं हजारो डॉलरचं बिल बघून त्यांना घाम फुटतो.

त्याच १८८८ च्या कायद्यात एक कर होता. त्याचं नाव हलालखोर कर. हलालखोर म्हणजे कष्टाचं, हलाल खाणारा. अकबराच्या दरबारातल्या अबुल फझलनं आईन-ए-अकबरीत लिहिलंय की झाडूवाल्यांना हे नाव बादशहानं रूढ केलं. नाव मानाचं, काम मात्र डोक्यावरून मैला वाहण्याचं. मुंबईत दोन चाळींच्या मध्ये जी अरुंद घरगल्ली दिसते ती याच कामासाठी ठेवलेली वाट होती. मागच्या बाजूनं यायचं, टोपली भरायची, मागच्या बाजूनं जायचं, घरातल्या कुणाच्या दृष्टीस न पडता. आता कायद्याची खुबी बघा. हा कर दोन प्रकारच्या घरांवर लागायचा. जिथं मैला उचलायची जबाबदारी पालिकेनं घेतली आहे तिथं, आणि जिथलं संडास पालिकेच्या गटाराला जोडलेलं आहे तिथंही. म्हणजे माणूस टोपली घेऊन येवो की जमिनीखालून नळी जावो, कराचं नाव एकच. कागदावर माणूस आणि नळी यांची एकच किंमत. पुढे नाव बदलून मलनिःसारण कर झालं. नाव बदलायला मात्र स्वातंत्र्यानंतरही बराच काळ जावा लागला.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं १९४९ मध्ये बर्वे समिती नेमली, मैला वाहणाऱ्यांच्या राहणीची चौकशी करायला. कोकणात कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धन स्वतःच्या हातांनी संडासाचे नवे नमुने बांधत होते. ब्राह्मण माणूस, गांधींचा चेला, आयुष्य भंगीमुक्तीत घातलं. त्यांच्याबद्दल स्वतंत्र भाग करायचा आहे.

एक जागा मला फार आवडते, तिथं थोडं थांबतो. मुंबईत माटुंग्याला, आज आपण तो भाग वडाळा म्हणून ओळखतो, १८९० साली महारोग्यांसाठी आश्रम निघाला. तो काढणारे म्युनिसिपल कमिशनर हॅरी आक्वर्थ. मराठी वाचकांना हे नाव दुसऱ्या कारणानं माहीत असायला हवं. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे आणि स्त्रियांचे पोवाडे गोळा करून १८९१ साली छापणारे ते हेच आक्वर्थ. दिवसा गटारं आणि महारोगी, संध्याकाळी तानाजीचा पोवाडा. असले अधिकारी थोडे असतात. तर या आश्रमाचा मैला रस्त्यातल्या गटारात सोडलेला नव्हता. मुंबईच्या ड्रेनेजचे इंजिनियर कार्कीट जेम्स यांनी तिथं बंद टाकी बांधली. टाकीत मैला कुजून जो वायू निघत होता तो गोळा करून १८९७ च्या सुमारास त्यावर दिवे लावले, आणि टाकीतून निघालेलं पाणी शेतीला दिलं. ज्यांना समाजानं गावाबाहेर काढलं त्यांच्या अंगणात जगातल्या सुरुवातीच्या बायोगॅसच्या दिव्यांपैकी काही लागले. सेप्टिक टँक हे नाव डोनाल्ड कॅमरन या इंजिनियरनं इंग्लंडमधल्या एक्सेटरला दिलं तेही याच सुमारास, १८९५-९६ मध्ये. म्हणजे आज जामुलच्या अंगणात झाकणाखाली जी टाकी आहे तिची थोरली बहीण माटुंग्याला होती.

टाकीत निघणारा वायू दिवा लावतो, तोच आत उतरलेल्या माणसाला मारतो. हे लक्षात ठेवा, शेवटी याच्याकडे येणार आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. सगळ्यांनी गटारांना दोष दिला. समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक ॲसिड ओतून गटारं धुतली. पुढच्या वर्षी प्लेग समितीच्या डोक्यावर ब्रिगेडियर जनरल गॅटेकर बसवले, पुण्यात रँड आले, आणि पुढचं सगळं महाराष्ट्राला पाठ आहे. रोग होता उंदरांच्या पिसवांचा. पण त्या भीतीतून १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, आणि मोठ्या शहरानं जमिनीखालून गटारं टाकलीच पाहिजेत असं मत सगळीकडे पक्कं झालं.

हे मत सगळ्यांना परवडणारं आहे का, असा प्रश्न विचारणारा एक माणूस होळकरांच्या इंदूरला आला. पॅट्रिक गेडिस, स्कॉटलंडचा, मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञ. पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला आणि गो. स. घुर्ये त्याचे विद्यार्थी. १९१७ च्या सुमारास इंदूर दरबारानं त्याला बोलावलं. गावात प्लेग होता, आणि महागड्या भुयारी गटाराची योजना पुढ्यात होती. गेडिसनं गल्लीबोळ पायी तुडवले. दाढीवाला गोरा हातात नकाशा घेऊन घराघरात डोकावतो म्हणताना लोकांना वाटलं, हाच प्लेग घेऊन आलाय. मग त्यानं महाराजांकडून एक दिवसापुरता अधिकार मागून घेतला आणि दिवाळीला मिरवणूक काढली. कुठल्या रस्त्यानं काढायची? ज्या रस्त्यावरची घरं सगळ्यांत स्वच्छ होतील, डागडुजी होईल, त्या रस्त्यानं. झालं. गावभर चढाओढ लागली, गाड्या भरभरून कचरा बाहेर निघाला. मिरवणुकीत रावण होता, प्लेगचा भला मोठा उंदीर होता, आणि पांढरे स्वच्छ कपडे घातलेले, नवे झाडू घेतलेले सफाई कामगार होते. १९१८ साली त्याचा दोन खंडांचा अहवाल निघाला. त्यात त्याचा एक आग्रह असा की मैला पैसे घालून नदीत नेऊन टाकण्यापेक्षा बागेत न्या. एवढ्या खर्चाचं गटार गरीब शहराच्या डोक्यावर कर्ज होऊन बसतं, हे त्यानं ठणकावून सांगितलं. सगळं पटण्यासारखं नाही. वस्ती दाट झाली की बागेला जागा कुठून आणणार? पण खर्च कुणाच्या डोक्यावर, हे विचारणारा नगररचनाकार मला दुसरा फारसा दिसत नाही. २०१७ पासून स्वच्छतेच्या सर्वेक्षणात इंदूर वर्षानुवर्षं पहिलं येत राहिलं, तेव्हा मला तो उंदीर आठवायचा.

आता घरी येऊ. आमचा दुर्ग जिल्हा १९०६ साली झाला आणि १९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूर. त्यामुळे इथल्या मराठी घरांना नागपूर अजून परकं वाटत नाही. २ फेब्रुवारी १९५५ ला सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी भिलाईच्या पहिल्या धमन भट्टीचं उद्घाटन केलं. वडील भंडाऱ्याहून कारखान्यात लागले आणि माझं लहानपण सेक्टरच्या क्वार्टरमध्ये गेलं. टाउनशिपमध्ये रस्ते आखलेले, झाडं ओळीत, आणि मैला जमिनीखालून जाऊन लांबच्या ऑक्सिडेशन तलावांत उन्हावर आणि शेवाळावर शुद्ध व्हायचा. आपल्या उन्हाला मानवणारी ही स्वस्त पद्धत. नागपूरला १९५८ साली निघालेल्या संस्थेनं, जिला आज आपण नीरी म्हणतो, अशा तलावांचा पुष्कळ अभ्यास केला. क्वार्टरची नाली तुंबली की आई शेजारच्या मुलाला तक्रार लिहायला पाठवायची, माणसं यायची, बांबूच्या काड्या सारायची, जायची. बिल कधी आलं नाही. नालीला पैसे पडतात हे त्या घरांत वाढलेल्या पिढीला ठाऊकच नव्हतं. छावणीत मी गेलो तिथंही तसंच. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षापर्यंत मी नालीचा एक रुपया भरला नव्हता.

जामुल टाउनशिपच्या बाहेर. इथं सिमेंटचा कारखाना आहे, पोलाद कारखान्याची मळी, म्हणजे स्लॅग, त्यात जाते आणि स्लॅग सिमेंट होऊन बाहेर येते. नगर पालिका परिषद आहे, उघड्या नाल्या आहेत, आणि घरोघरी टाकी. म्हणजे १८८८ च्या कायद्यातलं ते दुसरं कलम, शंभर फुटांच्या पलीकडचं. आपली जागा, आपला खड्डा, आपला पैसा. स्वच्छ भारत मोहिमेत शहरी घराला संडास बांधायला केंद्राकडून ४,००० रुपये आणि खेड्यात १२,००० रुपयांचं अनुदान होतं. ते संडासासाठी. जुनी नळी बदलायला अनुदान नाही.

नळी खराब का होते, हे थोडक्यात. जुन्या घरांत चिनी मातीसारखी चकचकीत स्टोनवेअरची नळी आहे. नळी स्वतः शंभर वर्षं टिकते. पण तिचा एक तुकडा दोन फुटांचा. प्रत्येक दोन फुटांवर ताग आणि सिमेंटचा सांधा. आणि आमची माती कन्हार. पावसाळ्यात फुगते, मे महिन्यात हाताचं बोट जाईल अशी फाटते. दरवर्षी वरखाली होऊन सांधे मोकळे होतात, पाणी पाझरतं, आणि पाण्याच्या वासानं कडुलिंबाची मुळं आत शिरतात. भाठ्याच्या मुरमाड जमिनीवरच्या घरांना हा त्रास कमी. सिमेंटच्या ह्यूम पाइपचा रोग वेगळा. फिरत्या साच्यात पाइप घडवायची ही युक्ती ऑस्ट्रेलियातल्या वॉल्टर ह्यूमची, १९१० ची. वालचंद हिराचंदांनी १९२६ साली त्यावर मुंबईत इंडियन ह्यूम पाइप कंपनी काढली आणि देशभरची गावं त्या पाइपांवर उभी राहिली. मैल्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायू पाइपच्या छतावर बसतो, जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात आणि छत वरून खात जातात. स्लॅग सिमेंट सल्फेटला जास्त दाद देत नाही हे खरं, पण ॲसिडपुढे तेही अमर नाही.

आता माझं बिल. मागच्या अंगणातल्या संडासापासून पुढच्या टाकीपर्यंत ४८ फूट. जुनी नळी चार इंची स्टोनवेअर, चोवीस तुकडे. नवी ११० मिलिमीटरची जमिनीखाली घालायची जाड पीव्हीसी, जिला आता सांधे तीन-चारच. पाइप ४,५०० रुपये. बेंड, टी वगैरे १,९००. विटांची तीन चेंबर झाकणांसह १०,५००. खोदाई आणि बसवणी, मिस्त्री आणि रेजा-कुली मिळून, ९,६००. नळीखाली वाळू आणि गाडी जाते त्या ठिकाणी वरून काँक्रीट ३,२००. आणि फोडलेल्या फरशा, गेटचा उतार पुन्हा पहिल्यासारखा करणं १४,३००. एकूण ४४,००० रुपये. बघा, नळीची किंमत दहावा हिस्सा. जवळजवळ एक तृतीयांश पैसा वरचं पूर्ववत करण्यात गेला. म्हणून ठेकेदार जेव्हा नुसता भाव सांगतो तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा, फरशी धरून की फरशी सोडून? मला एकानं २८,००० सांगितले होते, फरशी सोडून. दुसऱ्यानं ९०,०००, आणि त्याला बाबवार लिहून द्या म्हटल्यावर तो परत आला नाही. हे माझ्या घरचे, जामुलचे आकडे आहेत. नळी खोल असेल, रस्ता ओलांडायचा असेल, तर पालिकेची परवानगी आणि रस्ता दुरुस्तीचे पैसे वेगळे, आणि मग हिशेब दुप्पटही होतो.

खर्च वाढवणारी दुसरी गोष्ट उतार. जुना आणि सोपा नियम आहे. चार इंची नळीला ४० फुटांत एक फूट, सहा इंचीला ६० फुटांत एक फूट. माझ्या ४८ फुटांना सव्वा फूट उतार हवा होता आणि सुदैवानं टाकीचं तोंड तेवढं खाली होतं. नसेल तर संडासाची जमीन उचलावी लागते, आणि तिथं लाखाची भाषा सुरू होते. मिस्त्री नजरेनं उतार लावतो म्हणाला तर पाणी भरलेली पारदर्शक नळी, लेव्हल ट्यूब, त्याच्या हातात द्या. ती साठ-सत्तर रुपयांना मिळते.

कामाच्या आधी टाकी रिकामी करावी लागते. तेव्हा एका ठेकेदारानं मला हलक्या आवाजात सुचवलं, "कर्नलसाहेब, टँकरला कशाला पैसे घालता? एक पोरगा आहे, उतरेल, पंधराशे घेईल." मी त्याला विचारलं, पोराचं नाव काय? त्याला ते माहीत नव्हतं. आडनावाची वस्ती तेवढी माहीत होती.

१८८८ च्या करात माणूस आणि नळी एका भावात होते म्हणालो ना, तो भाव अजून चालू आहे, पंधराशे रुपये. टाकीत प्राणवायू नसतो, मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड असतो. दुसऱ्याचाच वास येतो, आणि तोही जास्त झाला की नाकाला कळेनासा होतो. पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. फौजेत विहिरीत किंवा बंद खंदकात असा माणूस पाठवला तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी लागते. इथं २०१३ चा कायदा आहे. गटारात किंवा सेप्टिक टाकीत संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा, आणि तो फक्त पालिकेला लागू नाही, कुठल्याही व्यक्तीला लागू आहे, म्हणजे घरमालकालाही. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केलं तर पाच वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. सर्वोच्च न्यायालयानं २७ मार्च २०१४ ला गटारात मेलेल्या माणसाच्या घरच्यांना दहा लाख भरपाई ठरवली, आणि २० ऑक्टोबर २०२३ ला ती तीस लाख केली. कायमचं अपंगत्व आलं तर किमान वीस लाख.

टँकरवाल्यानं माझ्याकडून पंधराशेपेक्षा थोडे जास्त घेतले. पाइप आत सोडला, मोटर लावली, अर्ध्या तासात टाकी रिकामी. ते पैसे वरच्या ४४,००० मध्ये धरलेले नाहीत, तुम्ही तुमच्या हिशेबात धरा.

आमच्या गल्लीतल्या आणखी तीन घरांनी एकत्र काम काढायचं ठरवलंय. एकच मिस्त्री, एकदाच वाळूची ट्रॉली, टँकरही एकाच दिवशी. मार्चमध्ये सुरू करणार, कन्हार कोरडी असते, चराच्या कडा ढासळत नाहीत, आणि पहिला पाऊस येईपर्यंत बुजवलेली माती नीट बसते.